पेन्शन कुणाला, प्रमाणपत्र कधीचं आणि आई-वडिलांनंतर काय : एका वडिलांच्या प्रश्नाला उत्तर

सांगली जिल्ह्यातल्या एका गावातून एका वडिलांचं पत्र आलं. त्यातला मजकूर थोडक्यात असा : मुलगा 19 वर्षांचा, बौद्धिक अक्षमता आहे. तो 11 वर्षांचा असताना काढलेल्या प्रमाणपत्रावर 75 टक्के लिहिलंय. अलीकडे त्याला कमी ऐकू येतं असं आईला वाटतं. वडील 54 वर्षांचे, साखर कारखान्यात कायम कामगार, हातात 24 हजार पगार. 30 गुंठे जमीन. 'सरकारची पेन्शन सुरू करायला गेलो तर प्रमाणपत्र जुनं म्हणून परत पाठवलं. एक जण म्हणतो, काही हजार द्या, 80 टक्के करून देतो आणि उत्पन्नाचा दाखलाही कमी रकमेचा आणून देतो. काय करावं? आणि आमच्या माघारी याचं कोण बघणार? धाकटी मुलगी आहे, पण तिचं लग्न होईल.'

दादा, तुमचे प्रश्न चार-पाच आहेत, पण तुम्ही जो पहिला विचारलात तो तुमच्या घरासाठी सगळ्यात कमी महत्त्वाचा आहे. बौद्धिक अक्षम मुलांच्या पालकांबरोबर काम करताना हे मी फार बघितलं. सगळं घर पेन्शनच्या मागे तालुक्याला खेटे घालतं, आणि ज्या गोष्टी मुलाला जन्मभर पुरतील त्या तशाच पडून राहतात. तरी पेन्शनचं आधी सांगते, कारण तो विषय मिटल्याशिवाय बाकीचं तुम्ही मन लावून वाचणार नाही.

तुम्ही ज्याला पेन्शन म्हणता ती संजय गांधी निराधार अनुदान योजना, 1980 पासून चालत आलेली. 2023 मध्ये रक्कम दीड हजार झाली आणि दिव्यांगांसाठी ती ऑक्टोबर 2025 पासून अडीच हजार करायचा निर्णय झाला. पण कुटुंबाच्या उत्पन्नाची अट आहे. सर्वसाधारण लाभार्थ्यांना वर्षाला 21 हजार, दिव्यांगांना 50 हजार. तुमचा नुसता पगारच वर्षाला पावणेतीन लाखांच्या वर जातो. म्हणजे प्रमाणपत्र नवं काढलंत तरी आज तुमचा अर्ज बसत नाही. हे तहसीलच्या खिडकीवर तुम्हाला कुणी सांगितलं नाही, 'प्रमाणपत्र जुनं आहे' एवढंच सांगून परत पाठवलं. तसंच होतं तिथे. पहिली त्रुटी दिसली की कागद परत, पुढचं कोण वाचतं!

कमी उत्पन्नाचा दाखला 'आणून देणाऱ्या' माणसाच्या नादी लागू नका. तुमचा पगार बँकेत जमा होतो, भविष्यनिर्वाह निधी आधारला जोडलेला आहे, अनुदानही आता आधार जोडलेल्या खात्यावरच येतं. हे आकडे एकमेकांशी ताडून बघणं आता अवघड राहिलेलं नाही. उद्या वसुली निघाली तर ती तुमच्या मुलाच्या नावावर निघेल.

मात्र हा दरवाजा कायमचा बंद नाही. काही वर्षांनी तुम्ही निवृत्त व्हाल. कारखान्यातल्या कामगाराला कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेतून जे मिळतं ते बहुतेकांचं महिना दोन-तीन हजारांच्या घरात असतं. म्हणजे वर्षाचे 30-35 हजार. जमिनीचं उत्पन्न धरून 50 हजारांच्या आत राहिलात, तर त्या वर्षी खऱ्या उत्पन्नाच्या खऱ्या दाखल्यावर मुलाचा अर्ज बसेल. त्या वेळी सेतूत अर्ज भरायचा, तो तालुक्याच्या संजय गांधी योजना समितीपुढे जातो, मंजुरी मिळाली की पैसे खात्यावर, आणि मग दरवर्षी हयातीचा दाखला. मुलाची आई 'लाडकी बहीण'चे पैसे घेत असेल तर घाबरू नका. दुसऱ्या योजनांच्या पैशाबद्दल तिथली अट त्या बाईला स्वतःला दीड हजार किंवा जास्त मिळतात का एवढीच आहे. मुलाचं अनुदान मुलाचं.

आता प्रमाणपत्र. ते परत का आलं याचं कारण तुमच्याच हातातल्या कागदावर असेल. बौद्धिक अक्षमतेच्या मूल्यमापनाचे केंद्र सरकारचे नियम असे आहेत की लहानपणी काढलेलं प्रमाणपत्र वयाच्या 5 व्या, 10 व्या आणि 18 व्या वर्षी पुन्हा तपासून घ्यायचं. 18 नंतर जे मिळतं ते आयुष्यभर चालतं. तुमचं 11 व्या वर्षीचं, म्हणजे मधलं. आता एकदा नीट काढलंत की हा जाच संपला. अर्ज स्वावलंबन पोर्टलवर भरायचा, त्याला पैसे पडत नाहीत. त्यातूनच प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, दोन्ही निघतात. कार्डाला आता रंग आहेत : 40 टक्क्यांच्या आत पांढरा, 40 पासून 80 च्या आत पिवळा, 80 पासून पुढे निळा.

जिल्हा रुग्णालयात अपंगत्व तपासणाऱ्या डॉक्टरांच्या बोर्डाचे वार ठरलेले असतात, ते आधी विचारून घ्या. मुलाला सकाळी नाश्ता देऊन न्या, कारण नंबर कधी लागेल सांगता येत नाही आणि उपाशी, कंटाळलेला मुलगा तपासणीत असं काही करतो की ते ना त्याचं खरं रूप असतं ना उपयोगाचं.

आत काय होतं ते नीट समजून घ्या, कारण टक्का तिथे ठरतो. बुद्ध्यांकाची चाचणी होते, आणि त्याबरोबर मुलाचं रोजचं वागणं मोजणारी व्हाइनलँड नावाची एक मोजपट्टी असते. ती मुलाला प्रश्न विचारून भरत नाहीत, तुम्हाला विचारून भरतात. मानसशास्त्रज्ञ विचारतात, 'आंघोळ करतो का?' आई पटकन म्हणते, 'हो, सगळं करतो माझा सोन्या.' आता खरं काय असतं? पाणी आई काढून देते, साबण हातात देते, डोकं ती धुते, आणि बाहेरून 'पाठीला लाव, पायाला लाव' असं ओरडत राहते. शर्ट घालतो, पण बटणं वर-खाली. दुकानात जातो, पण चिठ्ठी घेऊन, आणि सुटे पैसे दुकानदार देईल ते. लोकांसमोर लेकराचा कमीपणा सांगायला आई-बापाची जीभ वळत नाही, हे मी समजू शकते. पण त्या टेबलावर 'हो करतो' याचा अर्थ 'कुणी न सांगता, एकटा, पूर्ण करतो' असा लिहिला जातो. जाण्याआधी चार दिवस एका कागदावर टिपून ठेवा : उठल्यापासून झोपेपर्यंत काय एकटा करतो, कशाला सांगावं लागतं, कशाला हात लावावा लागतो. तो कागद बघून उत्तरं द्या. वाढवून सांगायचं नाही, झाकायचंही नाही.

आणि इथेच त्या 80 टक्केवाल्या माणसाचं पितळ उघडं पडतं. बौद्धिक अक्षमतेत टक्के हळूहळू वाढत नाहीत, पायऱ्यांनी वाढतात. त्या मोजपट्टीवर 55 ते 69 गुण आले तर सौम्य, 50 टक्के. 36 ते 54 आले तर मध्यम, 75 टक्के. 21 ते 35 तीव्र, 90 टक्के. 20 पर्यंत अतितीव्र, 100 टक्के. म्हणजे नुसत्या बौद्धिक अक्षमतेच्या प्रमाणपत्रावर 80 हा आकडा येतच नाही. 75 नंतर थेट 90. कुणी तुम्हाला 80 चा कागद दिला तर जाणकार माणूस बघताक्षणी विचारेल, हा आकडा आला कुठून? 2024 पासून बोगस प्रमाणपत्रांचा गाजावाजा झाला आणि फेरतपासणीची टांगती तलवार सगळ्यांवरच आली. अशा वेळी असा कागद घरात असणं म्हणजे हक्काच्या सवलतींवरही पाणी सोडणं.

75 वरून 80 च्या वर जायचा सरळ रस्ता एकच, आणि तो तुम्ही स्वतःच पत्रात लिहिलाय : कान. दोन प्रकारचं अपंगत्व असेल तर बहुविकलांगता म्हणून टक्के एकत्र काढतात, पण ते नुसते मिळवत नाहीत. 90 मधून मोठा टक्का वजा करायचा, उरलेल्याला लहान टक्क्याने गुणायचं, 90 ने भागायचं आणि जे येईल ते मोठ्या टक्क्यात मिळवायचं. तुमच्या मुलाचे बुद्धीचे 75 आणि समजा कानाचे 40 निघाले : 90 वजा 75 म्हणजे 15, गुणिले 40 म्हणजे 600, भागिले 90 म्हणजे साधारण पावणेसात. एकूण जवळपास 82. कानाचे 30 निघाले तर बरोबर 80. मात्र कानाची तपासणी सांगताना एक गोष्ट आवर्जून बोला. 'आवाज आला की बोट वर कर' ही नेहमीची चाचणी आपल्या मुलांना जमत नाही आणि मग 'सहकार्य नाही' असा शेरा पडतो. बेरा नावाची तपासणी असते, त्यात मुलाने काही करायचं नसतं, कानापासून मेंदूपर्यंत आवाज पोचतो का हे यंत्र बघतं. ती करून मागा आणि तो अहवाल घेऊनच बोर्डाला जा.

पण 80 झाले तर तुम्हाला मिळेल काय, हेही विचारून बघा. बीपीएल यादीतल्या 80 टक्क्यांवरच्या माणसाच्या अनुदानात केंद्राचे 300 रुपये असतात. तुम्ही त्या यादीत नाही. आयकरात दिव्यांग मुलाचा सांभाळ करणाऱ्याला जुन्या करप्रणालीत 75 हजारांची वजावट, 80 टक्क्यांवर सव्वा लाखाची. तुमच्या पगाराला आयकरच लागत नाही. मुंबईत राहत असतात तर गोष्ट वेगळी होती. तिथली महापालिका पिवळ्या कार्डाला महिना एक हजार आणि निळ्याला तीन हजार देते. अपंगत्व तेच, पण पत्ता बदलला की रक्कम बदलते. मला हे कधीच पटलेलं नाही, पण आहे ते असं आहे. तेव्हा कानाची तपासणी टक्क्यासाठी नाही, कानासाठी करा. श्रवणयंत्र केंद्राच्या एडिप योजनेतून मिळतं. महिना साडेबावीस हजारांपर्यंत उत्पन्न असेल तर मोफत, 30 हजारांपर्यंत असेल तर निम्म्या किमतीत. तुम्ही 24 हजारांवाले, निम्मं भराल. 19 वर्षांचा मुलगा 'ऐकत नाही' म्हणून वर्षानुवर्षं बोलणी खातो आणि नंतर कळतं की त्याला ऐकूच येत नव्हतं, हे माझ्या पाहण्यात एकापेक्षा जास्त घरांत झालंय.

पत्ता बदलला की रक्कम बदलते म्हणाले, त्याची दुसरी बाजू तुमच्या फायद्याची आहे. ग्रामपंचायत, नगरपालिका, जिल्हा परिषद यांनी स्वतःच्या उत्पन्नातले 5 टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात, पूर्वी 3 होते. बहुतेक ग्रामपंचायतींचं स्वतःचं उत्पन्न म्हणजे घरपट्टी-पाणीपट्टी, त्यातून वाटणी केली की दर माणशी चहापाण्याचे पैसे उरतात. पण साखर कारखाना ज्या ग्रामपंचायतीच्या हद्दीत असतो तिचं करउत्पन्न आजूबाजूच्या गावांच्या कितीतरी पट असतं. तुमचं गाव तेच असेल तर ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडे, म्हणजे पूर्वीच्या ग्रामसेवकांकडे, लेखी अर्ज द्या. त्यात दोनच गोष्टी मागा : दिव्यांग नोंदवहीत मुलाचं नाव, आणि गेल्या वर्षीचा 5 टक्के निधी किती होता, कशावर खर्च झाला याची माहिती. अर्जाची पोच घ्या. पोच घेतलेला अर्ज आणि तोंडी विनंती यांना मिळणाऱ्या उत्तरांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. जिल्हा परिषदेच्या योजना दरवर्षी बदलतात, एखाद्या वर्षी पिठाची गिरणी, एखाद्या वर्षी आणखी काही. समाजकल्याणच्या फलकावर नजर ठेवा. इथे 5 टक्के खर्चच होत नाहीत असं दिसलं तर पुण्यात दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे साध्या टपालानेही तक्रार करता येते.

उत्पन्नाची अट नसलेली आणि तरीही पालक सोडून देतात अशी योजना म्हणजे निरामय. राष्ट्रीय न्यास या केंद्र सरकारच्या संस्थेचा हा आरोग्य विमा स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता या चौघांसाठीच आहे. वर्षाला एक लाखापर्यंतचं संरक्षण, आत वेगवेगळ्या उपचारांच्या वेगवेगळ्या मर्यादा. आधी वैद्यकीय तपासणी नाही, आजार आधीपासून आहे म्हणून नकार नाही. बीपीएल नसलेल्यांना पहिल्यांदा 500 रुपये, नंतर नूतनीकरणाला 250. तुम्ही म्हणाल, महात्मा फुले योजनेत पाच लाखांचं आहे की! आहे, पण ते दवाखान्यात दाखल झाल्यावरचं. आपल्या मुलांचा खर्च दाखल होण्यात कमी आणि महिन्याच्या गोळ्या, तपासण्या, थेरपी यांत जास्त असतो. निरामयमधून ही बाहेरची बिलंही मिळतात. मात्र विम्याचं वर्ष 31 मार्चला संपतं आणि नूतनीकरण आपलं आपण लक्षात ठेवायचं. बिलं जिथल्या तिथे एका पिशवीत ठेवा. दावा अडतो तो बहुतेक डॉक्टरची चिठ्ठी न जोडल्यामुळे किंवा बिलावर मुलाच्या ऐवजी बापाचं नाव पडल्यामुळे. औषधाच्या दुकानात नाव सांगताना सवयीने तुम्ही स्वतःचं सांगता, तिथेच गाडी अडते.

प्रवासाचं : एसटीत 75 टक्के सवलत. रेल्वेतही आहे, सोबत्यासकट. पण रेल्वेचा सवलतीचा दाखला वेगळ्या नमुन्यात असतो आणि तो सरकारी डॉक्टरांकडूनच भरून घ्यावा लागतो. बोर्डाला जाल त्याच दिवशी तो कोरा नमुना बरोबर न्या.

मुलगा दिवसभर घरी बसतोय का, हे तुम्ही लिहिलं नाहीत. विशेष शाळा 18 ला संपते आणि पुढे काय हे बऱ्याच घरांत कुणी ठरवलेलंच नसतं. 18 वर्षांवरच्यांसाठी अनुदानित कार्यशाळा आहेत. तिथे सरकारचा पैसा तुमच्या खात्यावर येत नाही, संस्थेला जातो, त्यामुळे पालक त्याला सरकारी मदत म्हणून मोजतच नाहीत. मला विचाराल तर महिन्याच्या अडीच हजारांपेक्षा रोज सकाळी डबा घेऊन जायला एक ठिकाण असणं हे 19 वर्षांच्या मुलाला जास्त मोलाचं आहे. फाइल शिवणं, पणत्या रंगवणं, काही का असेना. जिल्हा समाजकल्याणकडे यादी मिळेल.

आता तुमच्या शेवटच्या प्रश्नाकडे येते.

मुलगा 18 चा झाला त्या दिवशी कायद्याने तो सज्ञान झाला, आणि तुम्ही त्याचे वडील असलात तरी कायदेशीर पालक राहिला नाहीत. अज्ञान म्हणून उघडलेलं त्याचं बँक खाते आता बँक तुमच्या सहीवर चालवणार नाही. यासाठी राष्ट्रीय न्यास कायदा, 1999 आहे. त्याखाली प्रत्येक जिल्ह्यात स्थानिक स्तर समिती असते, जिल्हाधिकारी तिचे अध्यक्ष. आई-वडिलांनी तिथे अर्ज करायचा. समिती मुलाला बघते, तुमच्याशी बोलते आणि पालकत्वाचं प्रमाणपत्र देते. कोर्ट नाही, वकील लागत नाही. हे प्रमाणपत्र दाखवून बँकेत त्याचं खातं चालवता येतं. बँकेतला माणूस 'कोर्टाचा आदेश आणा' म्हणाला तर त्याला सांगा की या कायद्याखालचं प्रमाणपत्र चालतं असं रिझर्व्ह बँकेनेच बँकांना कळवलेलं आहे. पालक झाल्यावर सहा महिन्यांत मुलाच्या नावावर काय काय आहे याची यादी आणि मग दरवर्षी हिशेब समितीला द्यायचा असतो. लोक हे विसरतात. मुलाच्या नावावर फक्त एक बचत खातं असलं तरी एका कागदावर तेवढंच लिहून द्या.

जमिनीसाठी तर हे फारच गरजेचं. तुमच्या माघारी सातबाऱ्यावर वारस म्हणून आई, मुलगा, मुलगी अशी नावं लागतील. मग कुणीतरी सुचवेल की मुलाला काय कळतंय, त्याचा अंगठा घेऊन हक्कसोडपत्र करून टाका. व्यवहार काय हे ज्याला समजत नाही त्याच्या अंगठ्यावरचा असा कागद कोर्टात टिकणं अवघड, आणि मधल्या काळात त्याचा हिस्सा मात्र गेलेला असतो. आजच मृत्युपत्र करा. 30 गुंठ्यांत त्याचा हिस्सा कोणता, तो कोण कसणार, त्यातून त्याच्यावर काय खर्च व्हायचा, हे लिहून नोंदवा.

आणि एक गोष्ट कारखान्यातच करायची आहे. तुमच्या निवृत्तिवेतन योजनेत, सभासदाच्या माघारी पूर्ण आणि कायमचं अपंगत्व असलेल्या मुलाला वयाची अट न लावता मासिक रक्कम मिळते. आई हयात असेपर्यंत तिच्या पेन्शनच्या 25 टक्के, दोघंही नसतील तर 75 टक्के. आकडा छोटा असेल, पण तो मुलगा हयात असेपर्यंत येतो. यासाठी वैद्यकीय मंडळाचा दाखला मागतात. तो भाग नंतरचा, पण आत्ता ऑनलाइन नामनिर्देशनात मुलाचं नाव आहे का आणि त्याच्या नावापुढे अपंगत्वाची नोंद आहे का, हे टाइम ऑफिसमध्ये बसून बघून घ्या. पुष्कळ कामगारांच्या अर्जावर अशा मुलाचं नावच नसतं. 'त्याला काय करायचंय पैसे' म्हणून बायकोचं आणि थोरल्याचं घातलेलं असतं. तुमचा कुणी भाऊबंद सरकारी नोकरीत असेल आणि त्याच्या घरी असं मूल असेल तर त्यालाही सांगा, तिथे कुटुंब निवृत्तिवेतन अशा मुलाला जन्मभर मिळतं आणि रक्कमही मोठी असते.

राहिली धाकटी मुलगी. लग्न झालेली बहीण पालक होऊ शकते. कायद्यात नातेवाईक म्हटलंय, त्यात सख्खी बहीण आलीच. सासर कुठलं याची अट नाही, नवऱ्याची सही लागत नाही. समिती तिची लेखी संमती घेते. पण संमती घेण्याआधी तिला हे सगळं सांगा : प्रमाणपत्र कुठे आहे, निरामयची तारीख कोणती, औषधं कोणती, जमिनीचं काय ठरवलंय. लग्नाची बोलणी सुरू झाली की पाहुण्यांनाही सांगा. भाऊ लपवून ठरवलेल्या लग्नात त्या मुलीला पुढे भावासाठी एक दिवस माहेरी यायचं तरी दहा खोटी कारणं द्यावी लागतात. आणि तिने आज 'मला जमेल असं वाटत नाही' म्हटलं तर रागावू नका. नोंदणीकृत संस्थाही पालक होऊ शकते, आणि ती शोधायला तुम्ही दोघं हिंडते-फिरते आहात तोवरच वेळ आहे.